घरात अनाउन्समेंट ऐकू येते, तरी स्टेशनला जायला स्कूटर काढावी लागते

ओटल्यावरची (प्रश्न)

आमची कॉलनी इंदूर–महू लाईनवर आहे. नाव लिहीत नाही. पण गणपतीत नाटकं बसवणाऱ्या आणि पोह्यांवर सेव न घालणाऱ्याला वेड्यात काढणाऱ्या मराठी कॉलन्या या लाईनला दोन-तीनच, त्यामुळे इंदूरकर ओळखतीलच. बाबांनी १९७४ मध्ये इथे प्लॉट घेतला तो केवळ स्टेशनपायी. महूला नोकरी, मीटरगेजची (अरुंद रुळांची) गाडी. मधे तेव्हा भिंत नव्हती. आई सांगते, इंजिनाची शिट्टी ऐकून ते चपला शोधायला लागायचे आणि तरी गाडी मिळायची.

आता मीही महूलाच जाते. ओटल्यावर बसलं की प्लॅटफॉर्मचे दिवे दिसतात, अनाउन्समेंट शब्द न शब्द ऐकू येते. फोनवर सरळ रेघ ओढून पाहिली: घर ते प्लॅटफॉर्म १८० मीटर. आणि प्रत्यक्ष चालायचं तर ९४०. रुळाला लागून भिंत आहे, स्टेशनची इमारत आणि तिकीट खिडकी पलीकडच्या अंगाला. म्हणजे आधी मेन रोडवर या, पुलाखालून पलीकडे जा, मग तेवढंच उलटं परत चाला. त्या मेन रोडला फुटपाथ म्हणून जे आहे त्यावर एक डीपी (विजेची पेटी), दोन होर्डिंगचे खांब आणि एका शोरूमच्या विकायच्या मोटारसायकली. मी स्कूटर काढते, स्टेशनबाहेर लावते, दहा रुपये देते. ९४० मीटरसाठी पेट्रोल! बाबा असते तर हसले असते.

आता खरा प्रश्न. आमचा आणि शेजारचे दोन असे तीन प्लॉट एकत्र करून एक बिल्डर वर चार मजले बांधायचं म्हणतोय. त्याच्या नकाशात तळमजला पूर्ण पार्किंग. रस्त्याच्या बाजूनं नुसते खांब आणि लोखंडी गेट. मी म्हटलं, खाली चार-पाच छोटी दुकानं काढा, हा रस्ता स्टेशनकडे जाऊ शकतो, उद्या वर्दळ होईल. झालं, कॉलनीत दोन तट पडले. एक काका म्हणाले, “दुकानं आली की कॉलनीचा बाजार होतो.” पुण्याचा भाऊ म्हणतो, “ताई, तू कशाला त्यात पडतेस? फ्लॅटचा हिस्सा घे आणि मोकळी हो.”

मला नगररचनेतलं काही कळत नाही, मी हिशेबनीस आहे. पण स्टेशनजवळ राहायचं, खाली दुकानं, वर घरं, सगळं पायी, असं आजकाल फार ऐकते. ते आमच्यासारख्या जुन्या कॉलनीत जमतं का? दुकानांचा हट्ट धरू का? आणि त्या भिंतीचं काय करता येईल, कोणाकडे जायचं? आई ७८ वर्षांची आहे, गुडघे गेलेत. तिला निदान एकदा चालत स्टेशनला न्यायचं आहे मला.

---

वाशीचा_नकाशेवाला

ताई, मी जन्मानं इंदूरच्या रामबागेतला, अकरा वर्षं नवी मुंबईत आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतोय. तुमचा १८० आणि ९४० वाचून हसू आलं, कारण आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी फसवणूक तुम्ही एका वाक्यात पकडलीत.

केंद्र सरकारचं स्टेशनभोवतीच्या विकासाचं धोरण आहे, २०१७ चं. त्यात स्टेशनचं प्रभावक्षेत्र ५०० ते ८०० मीटर धरलंय, म्हणजे दहा-बारा मिनिटांची चाल. बहुतेक नकाशांवर काय होतं, तर स्टेशनवर कंपासचं टोक टेकवून ८०० मीटरचं वर्तुळ काढतात आणि आत लाल रंग भरतात. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण २ चौरस किलोमीटर. पण माणूस कावळा नाही. रस्ते अगदी चौकटीसारखे, आडवे-उभे सरळ असले तरी ८०० मीटर चालून तो पोचतो त्याचा चौकोन भरतो जेमतेम १.२८ चौरस किलोमीटर. म्हणजे तिसरा हिस्सा आधीच गेला. त्यात एका अंगाला सलग भिंत घाला, राहिले ०.६४. तुम्ही ९४० वर आहात, म्हणजे प्लॅटफॉर्म डोळ्यांसमोर असून तुमचं घर कागदावर स्टेशनच्या “आत” आणि पायांच्या हिशेबात “बाहेर”.

म्हणून माझं मत: आधी भिंत, मग दुकानं. वाट मोकळी झाली नाही तर तुमच्या रस्त्यावरून स्टेशनचा माणूस जाणारच नाही, आणि दुकानदार वर्षभरात शटर ओढून घेईल.

आता आमच्याकडचं सांगतो. नवी मुंबईत रेल्वे आणण्याच्या खर्चाचा ६७ टक्के भाग सिडकोनं (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) उचलला, ३३ टक्के रेल्वेनं. मानखुर्द–वाशी १९९२ मध्ये सुरू झाली. वाशी स्टेशनच्या डोक्यावर ऑफिसं बांधली, दिसायला भव्य. पण स्टेशनातून बाहेर पडा: रुंद रस्ता, रिक्षा, बस, गाड्यांचं पार्किंग, आणि मे महिन्याचं ऊन. सेक्टरातल्या घरापर्यंत चालताना माणसाला सावलीचं दुकान लवकर भेटत नाही. उलट दादरला उतरा. पश्चिमेला पहिल्या पावलाला गजरेवाली, दहाव्या पावलाला भाजी, वर कुणाची तरी खिडकी. कोणी काही “डिझाइन” केल्यासारखं दिसत नाही. (पूर्वेची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी मात्र चांगली आखलेली आहे, इंग्रजांच्या काळातल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. तिथेही स्टेशनला चालतच जातात.) एकट्या जागेवर किती मजले चढवले यानं चालणारा माणूस तयार होत नाही. तळमजल्यावर दर पाच-सात मीटरला एक दार लागतं.

हे नवीनही नाही. जपानमध्ये ओसाकाजवळ कोबायाशी इचिझो नावाच्या माणसानं १९१० मध्ये रेल्वे काढली आणि त्याच वर्षी लाईनच्या कडेला घरं बांधून हप्त्यानं विकायला काढली. प्रवासी नव्हते, तर त्यानं प्रवासी राहायला आणले. पुढे १९२९ मध्ये लाईनच्या शहराकडच्या शेवटच्या स्टेशनवरच मोठं डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. आपल्याकडे उलट, प्रवासी भिंतीपलीकडे बसलेत आणि अनाउन्समेंट ऐकतायत.

तुमच्या बिल्डरच्या नकाशाबद्दल. पूर्ण तळमजला दुकानांचा करू नका, तेवढी गिऱ्हाईकं नाहीत. फक्त रस्त्याकडच्या बाजूला चार-साडेचार मीटर खोलीची एक पट्टी दुकानांची, तिच्या मागे पार्किंग, आणि पार्किंगचं गेट बाजूच्या गल्लीतून. दुकानं लहान ठेवा, दहा-बारा चौरस मीटर. मोठा गाळा काढलात की तो शोरूम घेतो आणि मोटारसायकली परत फुटपाथवर येतात. समोरच्या मोकळ्या जागेत गाड्या लावू देऊ नका, हे करारात लिहून घ्या. तुमच्या रस्त्याच्या रुंदीला मिश्र वापर (खाली दुकानं, वर घरं) चालतो का हे नकाशा निगममध्ये (महापालिकेत) टाकायच्या आधी बिल्डरच्या आर्किटेक्टकडून लेखी घ्या. तोंडी “हो जाएगा” वर जाऊ नका.

---

जुना_इंदूरकर

मीच तो बाजार म्हणणाऱ्यांपैकी. तुमच्या कॉलनीतला नसेन, पण आमच्याकडेही हेच चाललंय. १९६८ पासून राहतो. घरासमोर मोगऱ्याचा वेल, संध्याकाळी ओटल्यावर चार माणसं. एका घरात मोबाइलचं दुकान आलं आणि रात्री अकरापर्यंत गाड्यांचे हॉर्न. तुम्हा नकाशेवाल्यांना दादर छान वाटतं कारण तुम्ही तिथे राहत नाही.

आणि इंदूरला शहाणपण शिकवायला जपान कशाला? नगररचनाकार पॅट्रिक गेडिससाहेब इथेच होते. १९१८ मध्ये त्यांनी होळकर दरबारला दोन खंडांचा अहवाल दिला. त्यांचं म्हणणं काय होतं? जुनी वस्ती उगाच फोडू नका. एवढंच सांगतो.

---

वाशीचा_नकाशेवाला

काका, गेडिसांचं नाव काढलंत म्हणून मुजरा. पण त्यांचं अर्धंच वाक्य सांगितलंत. रुंद सरळ रस्ता काढण्यासाठी घरांची रांग पाडायला त्यांचा विरोध होता, खरं. त्याऐवजी ते गल्ल्या चालत हिंडायचे आणि म्हणायचे, हे एक पडकं घर काढा, ही एक भिंत हटवा, इथे अंगण मोकळं करा, वाट आपोआप सुटते. शस्त्रक्रिया, पण रोग्याला जगवणारी. ताई नेमकं तेच मागतायत: एक भिंत, एक दार.

मोबाइलच्या दुकानाचं तुमचं दुखणं मात्र खोटं नाही. वेळ आणि प्रकार करारात बांधता येतो. नऊ वाजता बंद, लाऊडस्पीकर नाही, पानटपरी नाही.

---

गार्डसाहेब_निवृत्त

नमस्कार. ३४ वर्षं रेल्वेत काढली, शेवटची बारा रतलाम मंडळात. सगळे भिंतीला शिव्या देतायत, म्हणून भिंतीच्या बाजूनं बोलतो.

ती भिंत माणसं मेल्यावर बांधली जाते. तुमचे वडील रूळ ओलांडून गाडी पकडायचे ते मीटरगेजच्या काळात, गाडी हळू. आता ब्रॉडगेज, विजेच्या गाडीचा आवाज कमी, कानात हेडफोन. एका पावसाळी सकाळी रुळावरून कॉलेजच्या पोराची चप्पल मी स्वतः उचललीय, जास्त लिहीत नाही. रेल्वे अधिनियम १९८९, कलम १४७: विनापरवाना रुळात शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा भिंतीला “भोक पाडून द्या” असा अर्ज करू नका. तो पहिल्याच टेबलावर मरतो. अर्ज करायचा “दुसऱ्या बाजूनं प्रवेश” म्हणून. इंदूर रतलाम मंडळात येतं, पश्चिम रेल्वे. अर्ज डीआरएमच्या (मंडळाच्या रेल्वे व्यवस्थापकाच्या) नावानं, प्रत खासदारांना, आणि सह्या शंभर असल्या तरी चालतील, पण सोबत नकाशा हवा.

दुसऱ्या बाजूला जायचे दोन मार्ग, पादचारी पूल किंवा भुयार. आईसाहेबांच्या गुडघ्यांसाठी हिशेब करून ठेवा. वर विजेची तार असल्यानं पूल रुळापासून साडेसहा मीटरच्या आसपास उंच घ्यावा लागतो. १५ सेंटिमीटरची पायरी धरली तर चाळीसच्या वर पायऱ्या. पायऱ्यांऐवजी रॅम्प हवा आणि एकास बाराचा उतार घेतला तर ७८ मीटर लांब, तोही एका बाजूचा. लिफ्ट लावतात, पण छोट्या स्टेशनवर बंद पडली तर माणूस कोण पाठवणार? भुयार कमी खोल असतं, निम्म्याच्या आसपास पायऱ्या. पण माळव्याचा पाऊस! काळ्या मातीत पाणी मुरत नाही, पंप बसवला नाही तर जुलैत तिथे बेडूक राहतात. तरी मी भुयारच मागेन, पंपासकट.

तिकीट खिडकी दुसऱ्या बाजूला मागू नका. त्यासाठी माणूस लागतो आणि फाइल अडते. मोबाइलवर तिकीट निघतं आता.

आणखी एक, नकाशेवाल्यांनी रागावू नये. दोन गाड्यांच्या मधे तासन् तास जात असतील तर स्टेशन म्हणजे बस थांबाच. दादरची वर्दळ दर तीन-चार मिनिटांच्या लोकलची आहे. खंडव्याकडचं ब्रॉडगेजचं काम पुरं होऊन गाड्या वाढतील तेव्हा वाढतील. आज दुकानाचा हिशेब गाडीवर करू नका.

---

पोळीभाजी_केंद्र

गार्डसाहेबांचं शेवटचं वाक्य माझ्या मनातलं. याच लाईनवरच्या एका स्टेशनजवळ गॅरेजमध्ये माझं पोळी-भाजीचं दुकान आहे, सहा वर्षं झाली. दिवसाला साठेक डबे. त्यातले स्टेशनवाले मोजले तर पंधरा. बाकी सगळे कॉलनीतले: एकटी राहणारी म्हातारी माणसं, नोकरीवाल्या सुना, पीजीतली मुलं. सकाळी गाडीला धावणारा माणूस थांबतच नाही, फार तर चहा. तो घेतो संध्याकाळी परतताना, गाडी आली की दहा मिनिटं हात पुरत नाहीत, मग पुढच्या गाडीपर्यंत शांत. कॉलनी नसती तर मी बंद केलं असतं. स्टेशन नसतं तर चाललं असतं, पण पोरीच्या फीपुरतं उरलं नसतं.

ताई, तुम्हाला एक गोष्ट सांगते जी कोणी नकाशात सांगणार नाही. पायऱ्या. आधी मी एका नव्या बिल्डिंगमध्ये गाळा घेतला होता, जोतं उंच, दुकानाला तीन पायऱ्या. महिन्यात कळलं, म्हाताऱ्या बायका खालूनच हाक मारतात, “अगं, चार पोळ्या खाली आणून दे.” मी दिवसभर वर-खाली. दोन वर्षांत सोडलं. दुकान रस्त्याच्या पातळीला पाहिजे, फार तर एक उंबरा. आणि वर पत्रा तरी, उन्हात कोणी उभं राहत नाही.

जुन्या इंदूरकर काकांना एक विचारते. रात्री साडेआठच्या गाडीनं उतरलेली मुलगी कुठल्या रस्त्यानं घरी जाते? मोगऱ्याच्या वासाच्या अंधाऱ्या रस्त्यानं की माझा ट्यूबलाइट चालू असलेल्या रस्त्यानं? मी साडेनऊला बंद करते. दोन-तीन जणी माझ्या शटरचा आवाज ऐकून फोन ठेवतात, मला दिसतं ते.

---

भिया_छप्पनवाला

छोटीशी भर. छप्पन दुकान या आपल्या खाऊगल्लीत २०२० पासून गाडी आत जात नाही. गर्दी कमी झाली का? जाऊन बघा रविवारी. दुसरीकडे मेट्रो: ३१ मे २०२५ ला सुरू झाली, सुपर कॉरिडॉरवर सहा किलोमीटर, पाच स्टेशनं. मी पहिल्या आठवड्यात पोराला घेऊन बसलो, एकदम झकास गाडी. उतरलो आणि पोरगं विचारतं, “पप्पा, इथे काय आहे?” मोकळे प्लॉट. परत त्याच गाडीनं आलो. जुन्या कॉलन्यांत माणसं आहेत आणि वाट नाही, तिकडे वाट आहे आणि माणसं यायचीत.

---

ओटल्यावरची

सगळ्यांचे आभार. मोठं लिहिते, सहन करा.

रविवारी सकाळी टेप घेऊन निघाले. भिंतीच्या कडेकडेनं चालले तर कॉलनीच्या टोकाच्या बागेशी पोचले. बागेच्या मागच्या कुंपणात एक लोखंडी दार आहे, माझ्या लहानपणी आम्ही तिथून बोरं आणायला जायचो हे एकदम आठवलं. दार बंद, कुलूप गंजलेलं. दारापलीकडे नाल्यावरची छोटी पुलिया आणि तिथून थेट पुलाखालचा रस्ता. मेन रोडचा सगळा वळसा वाचतो. ते दार उघडलं तर घर ते प्लॅटफॉर्म ५६० मीटर. रेल्वेची एक वीट न हलवता ३८० मीटर कमी.

कुलूप कोणाचं? आमच्याच रहिवासी समितीचं. कधीतरी बागेत गायी शिरल्या म्हणून लावलं. तीन माजी अध्यक्षांना फोन केला. एक म्हणाले किल्ली दुसऱ्यांकडे, दुसरे म्हणाले तिसऱ्यांकडे, तिसरे म्हणाले, “कोणतं दार?” इतकी वर्षं मी रेल्वेला बोल लावत होते. गायींसाठी आता फिरतं फाटक बसवू, माणूस जातो आणि गाय अडते तसं. लोहार दोन हजार सातशे म्हणाला. समितीच्या बैठकीत हे मांडलं तर बाजारवाले काका पहिले “हो” म्हणाले. त्यांचा नातू कोचिंगला गाडीनं जातो.

आईला नेलं नाही अजून. पुलियेला कठडा नाही आणि पुलाखाली दिवा नाही. निगमकडे दिव्याची तक्रार टाकलीय, नंबर मिळालाय, दिवा नाही.

बिल्डरनं नवा नकाशा पाठवला. दुकानांची पट्टी आहे, खोली साडेचार मीटर, मागे पार्किंग, गेट गल्लीतून. मी खूश. मग पोळीभाजी ताईंचं आठवलं आणि छेदाचा (इमारत उभी कापून दाखवणारा) कागद काढून पाहिला. प्रत्येक दुकानाला तीन पायऱ्या! विचारलं तर म्हणे पावसाचं पाणी शिरू नये म्हणून. मी म्हटलं, रस्त्याचं गटार साफ असेल तर शिरत नाही, एक पायरी ठेवा आणि दारापुढे जाळीची चर काढा. परत पाठवलाय. भावालाही पाठवला, वाचल्याची निळी खूण आली, उत्तर नाही.

गार्डसाहेब, “दुसऱ्या बाजूनं प्रवेश” चा अर्ज लिहायला घेतलाय, भुयार आणि पंप दोन्ही टाकलेत. नकाशा नकाशेवाले दादा काढून देतो म्हणालेत. मसुदा शनिवारी इथेच टाकते. कोणत्या टेबलावर मरेल ते तुम्ही आधीच सांगा, म्हणजे तेवढा भाग बदलते.